गोंदियाचे तूस

धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. गुरे ते खात नाहीत, जमिनीत ते लवकर कुजत नाही. म्हणून त्यास टाकाऊ म्हणण्याची वहिवाट पडली. आता त्याचीच वीज होऊ लागल्यावर टाकाऊतून संपत्ती निघाली असे कौतुकाने सांगण्यात येते. या कौतुकात इतिहासाचा एक दुवा निसटतो, असे आम्हांस वाटते.

गोंदियाच्या तलावांच्या मुलखात धान पूर्वी घरोघर उखळात कांडीत. तूस ज्याच्या त्याच्या अंगणात पडे आणि तेथूनच चुलीत वा उकिरड्यावर जाई. अशा विखुरलेल्या तुसावर वीजकेंद्र चालणे शक्यच नव्हते. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगाव मार्ग रुंद केला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपुराकडे अरुंदमापी गाडी सुटू लागली. धानाचा ओघ या जंक्शनाकडे वळला आणि भातगिरण्या वाढल्या. बायांची मुसळे थांबली, व त्यांच्या अंगणातले तूस गिरणीच्या आवारात डोंगरासारखे साचले. वीजनिर्मितीचे खरे भांडवल हा ढीग होय. बॉयलर व टर्बाइन मागाहूनचे. तणस अद्याप बांधीतच विखुरलेली राहते, म्हणून तिची वीज करणे जड जाते.

गिरण्यांस या इंधनाची ओळख नव्हती असे नाही. उसना तांदूळ करावयास धान वाफवावे लागते, आणि ती वाफ तुसावरच होत आली. पुढे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज येथे तुसावरील 10 मेगावॅटचे केंद्र झाले. एवढे केंद्र अखंड चालवावयाचे तर दिवसास सुमारे 300 टन तूस हवे. म्हणजे 1500 टन धानाची भरडाई! तिरोड्याच्या 3300 मेगावॅटच्या कोळसाकेंद्रापुढे हे लहानच. परंतु 2021 साली केंद्र सरकारने कोळशाच्या केंद्रांवरही काही अंशी जैवइंधन जाळण्याचे बंधन घातले, तेव्हा शेतातील अशा अवशेषांस मोठे गिऱ्हाईक मिळाले.

मग चढलेला भाव कोणाचा? सरकारी खरेदीचे धान भरडाईस जाते तेव्हा क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत घेतात. कोंडा व तूस गिरणीकडे राहते. मजुरी ठरविताना त्याचे मोल धरतात, हे खरे. पण ते मोल उद्या वाढले तर वाढीव पैसा बांधीपर्यंत पोहोचविण्याची तजवीज या हिशेबात आम्हांस कोठे दिसत नाही. आणि शेतकरी तर धान तुसासकटच तोलून देतो.