विलायतेस जोडीने

प्रवासाचा बेत ही गोष्ट इतिहासाच्या कक्षेत येते, असे सहसा कोणी मानीत नाही. प्रवास घडला, त्याचे वर्णन छापून निघाले, म्हणजे ते इतिहासाचे एक साधन ठरते. परंतु कोठे जावे, केव्हा जावे, कोणी जावे आणि कशासाठी जावे, हे घरात बसून ठरत असते त्या वेळेकडे इतिहासलेखकाची नजर क्वचितच वळते. वास्तविक समाजाची स्थिती या चार प्रश्नांच्या उत्तरांत जितकी उघडी पडते, तितकी ती पुष्कळ राजकीय कागदपत्रांतही पडत नाही. म्हणून वऱ्हाडातील शेंदूरजनाघाट येथील एखाद्या संत्रा-बागाईतदार पतिपत्नींनी हिवाळ्यात आठ दिवस लंडन शहर पाहून यावे असा बेत केला, असे आपण धरून चालू. आणि एवढ्याशा बेताच्या पाठीशी किती लांबचा इतिहास उभा आहे, हे वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ‘केव्हा’ याचा विचार करू. विलायत पाहावी ती उन्हाळ्यात, असा सर्वसाधारण समज आहे, व तो चुकीचाही नाही. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, संत्र्याच्या बागा व कलमे यांवर जगणाऱ्या या गावाचे पंचांग निराळे आहे. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात. पुढे नवा बहार फुटावा म्हणून बागेचे पाणी तोडून तिला ताण द्यावा लागतो. ज्याच्या बागेत मृगाची फळे आहेत, त्याची तोडणीही फेब्रुवारीच्या पुढे. तेव्हा आंबिया घेणाऱ्याच्या हाती पैसा आलेला आहे आणि विहिरीवर खोळंबून राहण्याचे कारण नाही, असे थोडे दिवस वर्षातून येतात ते याच थंडीत. शिवाय पौषाच्या सुमारास घर सोडून बहिरमच्या यात्रेस जावे, हंडी आणि रोडगे यांचा समाचार घ्यावा, ही वऱ्हाडची जुनी चाल आहेच. थंडीतील सहल येथे परकी नाही. परके आहे ते अंतर.

आणि ते अंतरही वऱ्हाडच्या मालास केव्हाच परके राहिलेले नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. कापसाच्या गाठी विलायतेस जाऊ लागल्या, पण त्या पिकविणारा कुणबी मात्र बाजाराच्या वेशीपलीकडे गेला नाही. ज्या शहरांत आपल्या मालाचा भाव ठरतो, ती शहरे डोळ्यांनी पाहावीत, ही इच्छाही त्याच्या मनास शिवण्याचे कारण नव्हते.

जे मराठी लोक गेले, ते पाहण्यासाठी गेले नाहीत. कोणते तरी काम त्यांना घेऊन गेले. १७८१ साली रघुनाथरावाचा वकील म्हणून हणमंतराव नावाचा ब्राह्मण लंडनमध्ये होता. त्याच्या सोवळ्या-ओवळ्याची अडचण ओळखून एडमंड बर्क याने आपल्या बीकन्सफील्ड येथील बागेतील काचघर त्याला स्नान-स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. त्यानंतर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचा दावा घेऊन रंगो बापूजी गेले. १८४० च्या सुमारास गेलेले हे स्वामिनिष्ठ गृहस्थ १८५३ पर्यंत तेथे झुंजत राहिले, आणि रिकाम्या हातांनी परतले. वऱ्हाडपुरते बोलायचे, तर लोकमान्य टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लंडनास गेले व १९१० पर्यंत तेथे राहिले. म्हणजे तेथील दोन हिवाळे त्यांनी काढले. पुढे १९२० साली पापळचे पंजाबराव देशमुख विद्येसाठी गेले आणि बॅरिस्टर होऊन, वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून आले. वकिली, दावा, अपील, पदवी अशी ही कारणांची मालिका आहे. ‘सहज पाहून यावे म्हणून’ असे कारण तिच्यात नाही. समुद्रगमनाचा दोष पत्करून, परत आल्यावर प्रायश्चित्ताच्या वादास तोंड देऊन कोणी ‘सहज’ जात नसतो.

या मालिकेत दुसरीही एक उणीव आहे, आणि आमच्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. वर सांगितलेले सर्व प्रवास पुरुषांचे आहेत. आमच्या समाजात यात्रा ही जोडीने करावयाची गोष्ट. काशीस जावे ते दोघांनी, पुण्य घ्यावे ते गाठ बांधून. परंतु समुद्राच्या काठाशी ही गाठ सुटत असे. पती विलायतेस गेला की पत्नीच्या वाट्यास त्याची पत्रे येत, आणि तो परतल्यावर त्याच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती येत. पाहणारा एक आणि ऐकणारी दुसरी, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली की ती वाटणी आहे हेही कोणास जाणवेना.

अपवाद झाले, पण तेही बोलके आहेत. गोपाळराव व आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेहून इंग्लंडच्या वाटेने जोडीने परतले. त्या वेळी डॉक्टर झालेल्या आनंदीबाई क्षयाने खंगलेल्या होत्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या निवर्तल्या. शहर पाहण्याची ती वेळ नव्हती. त्याच १८८७ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज चिमणाबाई महाराणींसह प्रथम युरोपात गेले. परंतु तो राजाचा प्रवास, लवाजम्यासह झालेला. मध्यमवर्गीय मराठी घराने विलायत जोडीने पाहिली ती खऱ्या अर्थाने पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तून. १९६० साली निघालेल्या या पुस्तकात पतीबरोबर पत्नीही पाहते, हसते आणि प्रसंगी पतीला दुरुस्तही करते. पण तेथेही मूळ निमित्त पतीच्या शिक्षणाचे होते. निमित्तावाचून प्रवास ही कल्पना तेव्हाही दाराबाहेरच उभी होती.

ती आत आली विसाव्या शतकाच्या अखेरीस. धर्माचा निषेध मावळला तो सरकारी नियमांना जागा देऊन. १९२० च्या कायद्याने पारपत्र आले. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे परकीय चलनावर कडक बंधने राहिली. १९९१ नंतर ती क्रमाने सैल झाली. आज मुंबईहून लंडनास विमान सुमारे दहा तासांत पोहोचते. अडसर उरला आहे तो प्रवेशपरवान्याचा, ज्याला लोक व्हिसा म्हणतात. ब्रिटनचा व्हिसा निराळा आणि युरोपातील शेंगेन राष्ट्रांचा निराळा. तेव्हा आठ दिवसांत पॅरिसही उरकू म्हणणाऱ्यास दोन अर्ज करावे लागतात. प्रायश्चित्ताच्या जागी आता बँकेचे उतारे, सातबारा आणि परत येण्याची खात्री पटविणारे कागद आले आहेत, एवढाच फरक.

प्रत्यक्ष बेत करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली उजेडाची. डिसेंबरअखेर लंडनात सूर्य आठानंतर उगवतो आणि चाराच्या आत मावळतो. म्हणून नदीकाठ, पूल, उद्याने यांस सकाळ-दुपार द्यावी आणि संग्रहालयांस दुपारनंतरचा वेळ. दुसरी नाताळची. २५ डिसेंबरास त्या शहरात आगगाड्या आणि बसगाड्याही चालत नाहीत, आणि संग्रहालयांची दारे बंद असतात. तेव्हा नववर्षाचा दिवस उलटून गेल्यावर निघणे बरे. तिसरी गोष्ट काय पाहावे याची. येथे आम्ही थोडे आग्रहाने बोलणार आहोत.

ब्रिटिश म्यूझियम १५ जानेवारी १७५९ रोजी लोकांस खुले झाले, आणि तेथे आजही प्रवेशास मोल पडत नाही. तेथील ‘अमरावती’ची शिल्पे पाहून वऱ्हाडी मनुष्याचे मन क्षणभर फुलेल, पण ती अमरावती कृष्णाकाठची, आंध्रातील, तेथील बौद्ध स्तूपाची आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममधील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली; आणि ती शिवाजी महाराजांनीच वापरली याला पुरावा नाही, असे ते संग्रहालयच सांगते. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरी १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. हायगेटमध्ये सावरकर ज्या इंडिया हाउसमध्ये राहत, ती इमारत आहे. न. चिं. केळकरांच्या हातून १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळही आहे. राजवाडे आणि बाजार पाहून झाल्यावर या स्थळांस एक दिवस द्यावा. कारण आपल्यापूर्वी येथे कामासाठी येऊन झिजलेल्यांची ही पाऊलखूण आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हसून टाळण्यासारखा नाही. ज्या वऱ्हाडात कर्जापायी शेतकरी जीव देतो, तेथे लंडनची सहल हा विषय शोभतो काय? संत्र्याचा भाव एका वर्षी चढतो आणि दुसऱ्या वर्षी फळगळीने बाग बसते, हे आम्हांस ठाऊक आहे. कर्ज काढून हा प्रवास करावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु ज्या घरी चार चांगल्या बहारांची शिल्लक आहे, त्या घरी लग्नसमारंभात एका दिवसात जाणारा पैसा कोणी मोजीत नाही, आणि पतिपत्नींच्या आठ दिवसांचा मात्र हिशेब मागितला जातो, हा न्याय आम्हांस पटत नाही. त्यातही पतीने परदेशी शेती पाहण्यास जावे हे घराला मान्य असते. पत्नीने नुसते पाहण्यास जावे, याचेच कारण विचारले जाते.

म्हणून आमची सूचना एवढीच की, बेत करतानाच दिवस वाटून घ्यावेत. चार दिवस त्याने ठरवावेत, चार तिने; आणि एकाने निवडलेले स्थळ दुसऱ्याने कुरकुर न करता पाहावे. तिला नदीकाठी नुसते बसावेसे वाटले, तर तोही एक दिवस धरावा. दोनशे वर्षे या वाटेने माणसे कारण दाखवून गेली. तिने मात्र कारण दाखवू नये, आणि घरानेही ते विचारू नये.