म्हैसूरचे वकीलपत्र

आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे त्याच्या मताला मान्यता देणे नव्हे, ही गोष्ट कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. तरीही जानेवारी २०२० मध्ये म्हैसूरच्या वकील संघाने ठराव केला, की विद्यापीठाच्या आवारातील निदर्शनांत काश्मीरविषयक फलक धरल्यावरून राजद्रोहाचा आरोप आलेल्या तरुणीची बाजू कोणाही सभासदाने मांडू नये. असले ठराव रद्दबातल होत, असे सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या प्रकरणात २०१० सालीच निक्षून सांगितले होते!

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गरीब कैद्यास वकील द्यावा व त्या वकिलाचे मानधन राज्याने भरावे, हा दंडक १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घालून दिला. पण विधिसाहाय्याच्या यादीवरील वकील बहुधा स्थानिक संघाचेच सभासद असतात. संघानेच त्यांचे हात बांधले, तर तिजोरीतील पैसा काय कामाचा?

म्हैसूरला ही कोंडी वकिलांनीच फोडली. कर्नाटकाच्या निरनिराळ्या भागांतील दीडशेहून अधिक वकील त्या तरुणीचे वकीलपत्र घेण्यास पुढे आले, आणि महिनाअखेर तिला जामीन मिळाला.