शाळेचा पहिला तास

परवा पुतणीचा फोन आला. ती आमच्याच पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आजूबाजूच्या वस्त्यांवरची मुलं चौथी झाली की पाचवीला तिच्या शाळेत येतात. एकमेकांना ओळखत नाहीत, गप्प बसून राहतात.

"नाना, पहिल्या दिवशी काय घेऊ? चार उपक्रम काढलेत. आम्ही त्याला आइसब्रेकर म्हणतो."

"आपल्या दुष्काळी मुलखात बर्फ कुठला आला गं फोडायला?" मी म्हटलं. ती हसली. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मूल शाळेत रुळावं कसं, हा प्रश्न काही आजचा नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलाला मुहूर्त पाहून घालत. पाटीपूजन व्हायचं, 'ओनामासिधं' गिरवून घ्यायचे, खाऊ वाटायचे. छडी पुढे होतीच. पण निदान त्या दिवशी मुलाला कोणी काही विचारत नसे. पुढे सरकारी शाळा आल्या, त्यांच्याबरोबर रजिस्टर आलं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, धंदा. मला वाटतं, आम्ही शिक्षक पहिल्या तासाला जी 'ओळख' घ्यायचो, ती म्हणजे या रजिस्टरचंच तोंडी वाचन होतं.

मीही तेच केलं. जून १९७३. १९७२चा दुष्काळ अजून सरला नव्हता. पाझर तलावाची कामं चालू होती, माणसं खडी फोडत होती, घरोघरी मिलो शिजत होता. मी नवा मास्तर. एकेकाला उभं करून विचारत होतो: नाव काय, वडील काय करतात?

कोपऱ्यातला एक मुलगा उठेना. मी आवाज चढवला. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, त्याचा बाप पळून गेलाय." सगळा वर्ग हसला. खरं सांगतो, मला त्यांना गप्प करायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी दोनदा तलावाच्या कामावर गेलो. तो आईबरोबर मातीच्या पाट्या वाहत होता. मला पाहून पाठ फिरवली. शाळेत तो पुन्हा आलाच नाही. दुष्काळाने नेला की माझ्या प्रश्नाने, ते देव जाणे. पण प्रश्न मी विचारला होता.

पुढे काही वर्षांनी गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' वाचनात आलं. त्यातला लक्ष्मीराम मास्तर पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घेतो. मुलं आवाज काढून त्याची टर उडवतात. फजिती होते आणि तो वर्गाला सुट्टी देऊन मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी मात्र नुसती गोष्ट सांगायला बसतो, आणि तीच मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. मला त्यात माझी चूक स्वच्छ दिसली. पहिल्या दिवशी मुलांकडून काही मागायचं नसतं, आपण द्यायचं असतं.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक तर याच्याही पुढे गेल्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, गाणी म्हणायची. शंखशिंपले, बिया, पानं हीच खेळणी. 'अंगणवाडी' या शब्दामागे ही कहाणी आहे. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द गावोगाव पोचला.

संध्याकाळी मीच पुतणीला फोन लावला. तिच्या चार उपक्रमांत चेंडू झेलून फक्त आपलं नाव सांगायचा खेळ होता. तो ठेव म्हटलं. चेंडू हातात असला की भीती कमी होते. जोडी शोधण्याचा खेळही ठेव. 'दोन खरं, एक खोटं' हा खेळ दिवाळीपर्यंत थांबू दे. आणि चौथा उपक्रम होता, 'माझ्या कुटुंबाचं चित्र काढून सर्वांना सांगा.'

"तो नको," मी म्हटलं.

"अहो नाना, मग मुलांच्या घरचं मला कळणार कसं?"

"कळेल की. मुलं आपणहून सांगतील. आधी तू त्यांना एक गोष्ट सांग."

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं त्यांच्याबरोबर जातात."

"म्हणूनच सांगतो. तेवढ्या चार महिन्यांत एक जरी मित्र झाला, तरी मूल परत येतं."

असो. त्या मुलाचं नाव मला अजून आठवतं. इथे लिहीत नाही. आज साठीचा असेल. कधी भेटलाच, तर त्याला काहीही विचारणार नाही. शेजारी बसवून चहा देईन.