पाकटाचा दात आणि घाईचा निवाडा

दात चपटा असेल तर पाकट शिंपले-खेकडे फोडून खाणारं, टोकदार असेल तर मऊ, निसटतं भक्ष्य पकडणारं. आणि दोन्ही तऱ्हेचे दात मिळाले तर जातीही दोन. हे मत फार रुळलेलं आहे. त्याला आधार नाही असं नाही. पाकटाचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो, मागे उरतात ते दात. लुई अगासी यांनी 1833 ते 1843 या काळात जीवाश्म माशांवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा शार्क-पाकटांच्या कित्येक जाती त्यांना नुसत्या दातांवरूनच ठरवाव्या लागल्या. माझा आक्षेप दातांवर विसंबण्याला नाही, एकट्यादुकट्या दातावरून जात आणि आहार ठरवण्याला आहे.

अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं अटलांटिक स्टिंगरे पाहा. या पाकटाच्या मादीचे दात बारा महिने चपटे असतात. प्रौढ नराचेही एरवी तसेच असतात. मात्र विणीच्या हंगामात त्यांच्या जागी आत वळलेल्या टोकाचे दात येतात आणि हंगाम सरला की पुन्हा चपटे. काजिउरा आणि ट्रायकस यांनी 1996 मध्ये हे तपशिलानं मांडलं. दातांच्या ओळी आतून बाहेर सरकत राहतात, जुने गळतात, त्यामुळे हा पालट सहज होतो. आता परिणाम बघा: एकच नर एका वर्षात समुद्रतळाच्या चिखलात दोन तऱ्हेचे दात टाकतो. ते पुढे जीवाश्म होऊन सापडले, तर रूढ पद्धतीनं त्यांच्या दोन जाती होतील!

यावर प्रतिपक्ष म्हणेल, नर-मादी वेगळं खात असतील. पाकटांच्या नात्यातल्या स्केट माशांबाबत फेडुशिया आणि स्लॉटर यांनी 1974 मध्ये असा तर्क मांडलाही होता. पण आहार हेच कारण असेल, तर टोक नर वयात आल्यावरच का यावं? थॉर्नबॅक स्केटची पिल्लं, नर असोत वा मादी, चपट्या दातांचीच असतात. आणि स्टिंगरेमध्ये ते विणीच्या हंगामाशीच का बांधलेलं असावं? खरं कारण मीलनात आहे. नर मादीच्या परांची कड दातांत धरून तिला चिकटून राहतो. टोकदार दातांची पकड अधिक घट्ट असते, हेही काजिउरा-ट्रायकस यांनी मोजून दाखवलं.

मग दातांचं वर्गीकरण सोडून द्यायचं का? मुळीच नाही. आपल्या दख्खनच्या लाव्हाथरांशी निगडित गाळात, आसिफाबादच्या परिसरात, इग्डाबॅटिस या पाकटाचे फरशीसारखे दात मिळाले. त्या थरांच्या वयाच्या चर्चेत प्रसाद आणि कापेता यांनी 1993 मध्ये त्यांचा उपयोग केला, आणि तो रास्त होता. कारण तिथे नुसतं टोक नाही, माथ्याची घडण आणि मुळाच्या तळाच्या समांतर खाचाही तपासता येतात. प्रजातीपर्यंतचा, म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंतचा, असा निवाडा टिकतो.

जिवंत माशाच्या वर्णनात मात्र दात जबड्यात मध्यावरचा की कडेचा, नराचा की मादीचा, मासा वयात आलेला की नाही आणि तो कोणत्या महिन्यात पकडला, एवढं तरी लिहिलेलं असावं. नराच्या पोटपरांजवळच्या आलिंगकांची, म्हणजे मीलनाच्या अवयवांची, लांबी मोजली की वयाचा प्रश्न सुटतो. ही मोजमापं नसतील, तर त्या दातावर नवी जात उभी करू नये.