डगआऊट (बेसबॉल)

डगआऊट : बेसबॉलच्या मैदानाला लागून प्रत्येक संघासाठी बांधलेली, जमिनीच्या पातळीपेक्षा दोन-तीन पायऱ्या खोल असलेली छपराखालची बैठक. एक पहिल्या बेसच्या अंगाला असते, दुसरी तिसऱ्या बेसच्या. पाळीची वाट पाहणारे फलंदाज, राखीव खेळाडू, प्रशिक्षक आणि संघाचे डावपेच ठरवणारा मॅनेजर येथे बसतात. यजमानांनी कोणती बाजू घ्यावी याचे नियमात बंधन नाही. न्यूयॉर्क यांकीज पहिल्या बेसकडे बसतात, शिकागो कब्स तिसऱ्या बेसकडे.

शब्दाचा अर्थ सरळ आहे : खणून वा कोरून काढलेले. अठराव्या शतकातल्या अमेरिकी इंग्रजीत तो ओंडका कोरून केलेल्या होडीला लावत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून टेकडीच्या उतारात खणलेल्या ओबडधोबड निवाऱ्यालाही तेच नाव पडले. झाडे विरळ असलेल्या गवताळ मुलखात नव्याने वस्तीला आलेले लोक अशा घरांत राहत. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांमुळे हा शब्द जगभर पोचला खरा, पण बेसबॉलने तो खंदकांतून उचललेला नाही. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि खेळातला वापर १९१४ पर्यंत छापून आलेला होता.

डगआऊट येण्याआधी होता तो फक्त बाक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील नियमपुस्तके या बाकाबद्दल विलक्षण काटेकोर आहेत : तो यजमान क्लबाने पुरवावा, ठरलेल्या रेषेपासून किमान २५ फूट (सुमारे ७.६ मी.) दूर ठेवावा, वर छप्पर असावे, पाठ व दोन्ही बाजू बंद असाव्यात आणि हवा खेळती राहावी म्हणून छपराखाली फार तर सहा इंचांची फट सोडावी. आजच्या नियमातही २५ फुटांचे अंतर, छप्पर आणि बंद बाजू कायम आहेत. खड्डा खणा, असे मात्र नियम तेव्हाही म्हणत नव्हता, आजही म्हणत नाही.

मग खड्डा आला कुठून? तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकासाठी. पूर्वीची प्रेक्षागृहे लाकडी असत व वरचेवर जळत. १९०९ मध्ये फिलाडेल्फियाचे शाइब पार्क आणि पिट्सबर्गचे फोर्ब्स फील्ड ही पोलाद-काँक्रीटची मैदाने उघडली आणि पुढच्या काही वर्षांत इतर शहरांनी तोच कित्ता गिरवला. मैदानालगतच्या पुढच्या रांगा सर्वांत महाग, आणि नेमक्या त्यांच्यासमोर छपराचा बाक उभा राहिला तर फलंदाज जिथे उभा राहतो ती होमप्लेटच दिसेनाशी होणार. बाक मागे नेता येत नाही, छप्पर काढता येत नाही. तेव्हा बैठकच खाली उतरवली. हा शोध कोणा एकाच्या नावावर नाही. सोयीची युक्ती मैदानागणिक पसरत गेली, इतकेच.

खाली बसण्याची किंमत संघाला मोजावी लागते. डोळे गवताच्या जवळ आल्याने आणि नजर बाजूने पडत असल्याने चेंडू उंच होता की खाली हे कळते, पण तो प्लेटच्या आत होता की बाहेर हे नीट कळत नाही. तरीही पंचांवर सर्वांत जास्त आरडाओरडा तेथूनच होतो! शाइब पार्कवर फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे मॅनेजर कॉनी मॅक गणवेशाऐवजी सूट घालून बसत आणि हातातले स्कोअरकार्ड हलवून क्षेत्ररक्षकांना जागा बदलायला लावत. १९५४ पासून डाव बदलताना ग्लोव्ह्ज मैदानातच टाकून जाण्याची जुनी सवय बंद झाली आणि तेही डगआऊटमध्ये येऊ लागले. खेळाच्या दृष्टीने ही जागा सीमेबाहेरची : क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू आत गेला तर खेळ थांबतो व धावकांना दोन बेस मिळतात, झेल घेताना आत हात घालता येतो, पाय टाकता येत नाही.

बाक खड्ड्यात गेला तरी भाषेतून गेला नाही. मॅनेजरच्या मदतनिसाला आजही बेंच कोच म्हणतात.

फुटबॉलमधील डगआऊटचे श्रेय स्कॉटलंडच्या ॲबरडीन क्लबचे प्रशिक्षक डॉनल्ड कोलमन यांना देतात. त्यांचा हेतू अगदी उलटा होता : खेळाडूंची पावले न्याहाळता यावीत म्हणून त्यांना स्वतःलाच नजर जमिनीच्या पातळीला येईल असे बसायचे होते. ट्वेन्टी-२० क्रिकेटने नाव घेतले, खड्डा घेतला नाही. तेथे सीमारेषेलगत जमिनीवरच खुर्च्या मांडून वर आडोसा केलेला असतो.