इंजान गेलं, जनरेटर आला, पण प्रश्न तोच राहिला



गेल्या आठवड्यात एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, "काका, घरासाठी जनरेटर घ्यायचाय, कितीचा घेऊ?" कंपनीचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण आपल्या भागात घरचं यंत्र ठेवायची रीत फार जुनी आहे. ती समजली की कितीचा घ्यायचा ते आपलं आपल्याला कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं बऱ्याच गावांत वीज नंतर आली, इंजान आधी आलं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं इंजिन १८९७ ला नीट चाललं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तसलं एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या बाजूला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला, लोखंडी नांगर केले. औंधच्या राजांनी त्यांना जागा दिली होती. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ ला कारखाना काढला. तिथंही आधी नांगर आणि पुढं डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ ला सुरू झाली. तिकडं इंग्लंडात लिस्टर कंपनीनं १९३० च्या सुमारास संथ चालीचं इंजिन काढलं होतं, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांच्या आसपास. त्याच्या नकला राजकोटला झाल्या आणि देशभर गेल्या. मोट सुटली ती या इंजिनांमुळं.

जुन्या माणसांचा व्यवहार आठवा. इंजान विहिरीवर, त्याला वेगळी खोली, धुराची नळी छपराबाहेर. हँडल मारायला दोन गडी. आणि इंजान एकाच कामासाठी, पाण्यासाठी. पाणी झालं की बंद. घरात मात्र कंदील. दिव्यासाठी कुणी इंजान चालवत नव्हतं, कारण तेलाचा हिशोब डोक्यात पक्का होता.

मग वीज आली. १९६० ला राज्याचं वीज मंडळ झालं, १९६२ ला कोयनेची वीज सुरू झाली. हळूहळू खांब शिवारात पोचले. बटण दाबलं की पाणी, मग हँडल कोण मारणार? इंजिनं भंगारात गेली, काही गोठ्यामागं गंजत पडली. तेलाचा हिशोबही त्यांच्याबरोबर गेला.

पुढं विजेची मागणी वाढत गेली, निर्मिती मागं पडली. दाभोळचा प्रकल्प २००१ ला बंद पडला. २००५ च्या जूनमध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, महावितरण त्यातलीच. आणि तेच दिवस भारनियमनाचे. गावाकडं बारा-बारा तास लाईट नसायची. तेव्हा जो तो जनरेटर घेत सुटला. लग्नाच्या मांडवातला सेट बघून तेवढाच मोठा घरी आणला. त्या घाईत मीही होतो.

माझी चूक सांगतो, कारण ती कुणी करू नये. मी जुना सेट आणला आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटात घातली. चेंजओव्हर स्विच नाही. मेन स्विच पाडायचा असं ठरलेलं, एका संध्याकाळी विसरलो. नेमकी त्याच दिवशी खांबावरची तार तुटून आमची गल्ली बाकीच्या गावापासून तुटलेली. लोड थोडा, त्यामुळं सेट बंद पडला नाही आणि माझ्या घरातली वीज उलटी खांबावर गेली. वायरमन वर चढला होता. त्यानं हात लावायच्या आधी टेस्टर लावला, तो पेटला, म्हणून वाचला. खाली येऊन तो मला काही बोलला नाही, नुसता घाम पुसत पायरीवर बसला. त्याला दोन लेकरं होती. दुसऱ्या दिवशी मी चेंजओव्हर बसवला. ही वीज गल्लीपुरती न राहता डीपीपर्यंत गेली असती, तर तिथं उलटी चढून अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर गेली असती.

आता कितीचा घ्यायचा ते बघू. घरात दहा एलईडी दिवे ९० वॅट, तीन पंखे २२५, टीव्ही १००, फ्रिज १५०. झाले ५६५ वॅट. एक एचपीची पाण्याची मोटर चालताना साधारण १००० वॅट ओढते. सगळं मिळून १५६५. दुकानदार म्हणेल तीन केव्हीए भरपूर झाला. पण मोटर सुरू होताना निदान तिप्पट ओढते. म्हणजे ३००० आणि बाकीचे ५६५ मिळून ३५६५ वॅट. तीन केव्हीए म्हणजे खरे २४०० वॅट, तो तिथं गुदमरणार. पाच केव्हीए म्हणजे ४००० वॅट, तो उचलेल. तरी आधी मोटर सुरू करावी, मग बाकीचं एकेक.

पण पाच केव्हीएवर रात्रभर तीन पंखे चालवणं म्हणजे पाखरासाठी बैलगाडी जुंपणं. लहान डिझेल सेट नीट लोडवर लिटरला अडीच-तीन युनिट देतो, कमी लोडवर त्याहून कमी. वर डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते, नोझल खराब होतं. म्हणून जुन्या माणसांची रीत धरा. सेट तासभर लावून टाकी भरा आणि त्यातच इन्व्हर्टर चार्जिंगला लावा. मग सेट बंद. रात्रीचे दिवे-पंखे इन्व्हर्टरवर. दिवे-पंख्यांपुरतीच गरज असेल तर जनरेटर घेऊच नका.

अजून चार गोष्टी. मिनिटाला ३००० फेऱ्यांचा पेट्रोल सेट हलका आणि स्वस्त, पण तासाभराच्या कामाचा. रोज तासन्‌तास लागणार असेल तर १५०० फेऱ्यांचा डिझेल बघा. शेतातली पाच एचपीची थ्री फेज मोटर घरच्या सिंगल फेज सेटवर चालत नाही, तिला साधारण दहा ते साडेबारा केव्हीएचा थ्री फेज सेट लागतो. सेट बंद खोलीत, जिन्याखाली कधीच नको. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जुनी इंजानघरं शिवारात होती ती उगाच नाही. आणि नदीकाठच्यांनी २०१९ चा पूर आठवावा. पुराच्या रेषेखाली ठेवलेला सेट नेमका गरजेच्या दिवशी पाण्याखाली जातो.

आता सौर पंप आले, दिवसा वीज द्यायच्या योजना आल्या. उद्या जनरेटरही जुन्या इंजिनासारखा गोठ्यामागं जाईल. जाऊ दे. पण काय चालवायचं, किती वेळ आणि किती तेलात, हा हिशोब त्याच्याबरोबर टाकून देऊ नका.

सेट घ्यायच्या आधी चेंजओव्हरचे पैसे बाजूला काढा. बाकी कंपनी कुठलीही घ्या, फक्त तिचा मिस्त्री तालुक्याला असला पाहिजे.