हिमस्थ न्यूट्रिनो अभिज्ञातकांतील तारसंदेशवहन

हिमस्थ न्यूट्रिनो अभिज्ञातकांतील तारसंदेशवहन : दक्षिण ध्रुवावरील बर्फात खोल पुरलेल्या प्रकाशसंवेदकांचे संकेत पृष्ठभागावर आणण्याच्या तारपद्धती. विस्तीर्ण उघड्या क्षेत्रात विखुरलेल्या संवेदकांसाठी कोणती तार निवडावी, या प्रश्नाला येथे सुमारे दहा वर्षांत चार वेगवेगळी उत्तरे दिली गेली.

न्यूट्रिनो हे विद्युत्‌ भाररहित कण द्रव्याशी क्वचितच परस्परक्रिया करतात. तशी क्रिया घडल्यास निर्माण होणारे वेगवान भारित कण बर्फातून जाताना क्षीण निळसर प्रकाश (चेरेन्कोव्ह प्रारण) उत्सर्जित करतात. हा प्रकाश निरनिराळ्या संवेदकांपाशी कोणत्या क्षणी पोहोचला, यावरून कणाची दिशा काढतात. बर्फात प्रकाश एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या एक अब्जांश भागात) सुमारे २२ सेंमी. अंतर कापतो. त्यामुळे कालमापन काही नॅनोसेकंदांइतके अचूक असावे लागते. संवेदक गरम पाण्याने पाडलेल्या छिद्रांत सोडतात व पाणी गोठल्यावर ते पुन्हा बाहेर काढता येत नाहीत. साहजिकच तारेच्या निवडीतील चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

अमांडा या अभिज्ञातकात प्रकाशगुणक नलिकेतील विद्युत्‌ स्पंद मूळ रूपातच वर आणीत. १९९५–९६ मध्ये दीड ते दोन किमी. खोलीवर बसविलेल्या पहिल्या चार संवेदकमालांसाठी समाक्ष केबली वापरल्या. त्या जाड असल्याने एका मालेत २० संवेदकच मावत. शिवाय काही नॅनोसेकंद टिकणारा स्पंद वर पोहोचेपर्यंत शेकडो नॅनोसेकंदांइतका पसरे व लागोपाठचे स्पंद एकमेकांत मिसळत. १९९६–९७ मध्ये एकमेकींभोवती पीळ दिलेल्या तांब्याच्या तारजोड्या आल्या. त्या बारीक असल्याने एका मालेत ३६ संवेदक बसू लागले, परंतु स्पंदाचा पसरटपणा टळला नाही. तेव्हा पुढील मालांत प्रकाशीय तंतू वापरण्यात आले. त्यांतून स्पंद जवळजवळ अविकृत येत असे. पण छिद्रातील पाणी गोठताना पडणाऱ्या दाबाने काही तंतू व जोड निकामी झाले. तंतूतून वीज पुरविता येत नसल्याने तांब्याची तारही ठेवावीच लागली. १९ माला व ६७७ संवेदक असलेला हा अभिज्ञातक २००० मध्ये पूर्ण झाला.

त्याच अभिज्ञातकाच्या एका मालेत निराळा प्रयोग करण्यात आला. स्पंदाचे अंकीय रूपांतर वर न करता संवेदकातच केले. एकदा स्पंदाचे अंक झाले व त्यांवर वेळेची नोंद झाली की, तारेत संकेत पसरला तरी माहिती बिघडत नाही आणि साधी तारजोडीही पुरते. मात्र यासाठी प्रत्येक संवेदकात घड्याळ व इलेक्ट्रॉनीय मंडले बसवावी लागतात आणि ती दुरुस्तीच्या पलीकडे जातात.

हा धोका पत्करून आइसक्यूब या अभिज्ञातकाची रचना करण्यात आली. त्याची पहिली माला जानेवारी २००५ मध्ये व शेवटची डिसेंबर २०१० मध्ये बर्फात उतरविली. सुमारे एक घन किमी. बर्फात ८६ माला असून प्रत्येकीवर ६० याप्रमाणे ५,१६० संवेदक आहेत. ते १,४५० ते २,४५० मी. खोलीवर आहेत. एका तारजोडीवर दोन संवेदक जोडलेले असून वीज, आज्ञा व माहिती हे सर्व तिच्यातूनच जाते. घड्याळे जुळविण्यासाठी वरून एक स्पंद खाली पाठवितात व तसाच स्पंद संवेदक वर पाठवितो. दोन्ही दिशांचा प्रवासकाल समान असल्याने त्यावरून घड्याळांतील फरक निघतो. पाचहजारांवर संवेदकांपैकी फारच थोडे निकामी झाले, त्यामुळे हा निर्णय योग्य ठरला. २०१३ मध्ये या अभिज्ञातकाने सूर्यकुलाबाहेरून आलेल्या अत्युच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा पुरावा प्रसिद्ध केला.

तांब्याची तार सर्वत्र श्रेष्ठ, असे मात्र यावरून ठरत नाही. भूमध्य समुद्रातील अँटारेस (२००८–२२) या अभिज्ञातकातही अंकीय रूपांतर संवेदकांजवळच होत असे. परंतु किनारा सुमारे ४० किमी. दूर असल्याने तेथे प्रकाशीय तंतूच वापरावे लागले. अंतर, वीजपुरवठा, दुरुस्तीची शक्यता आणि मापनाचे अंकीय रूपांतर कोठे करावयाचे, या चार गोष्टींवर तारेची निवड अवलंबून असते. [⟶ न्यूट्रिनो].